तेलात उलटं असतं

बाबा,

परवा मी गाडीचं तेल बदलायला अंबरनाथ पूर्वेला गेले आणि तुमच्या एका शब्दामुळे माझं हसं झालं. मेस्त्रीने बॉनेट उघडलं, तेलाची काडी ओढून पुसली, परत बुडवली, उजेडात धरली आणि विचारलं, "काकू, या वेळी सिंथेटिक टाकू का?" मी विचार न करता म्हटलं, "सिंथेटिक नको. असली टाका." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग मान खाली घालून हसला. वाईट हसला नाही. "काकू, कपड्यात असेल तसं," तो म्हणाला, "तेलात उलटं असतं. तेलात सिंथेटिक म्हणजे एक नंबर. बाकी सगळं त्याच्या खाली." प्लग साफ करून घ्यायला आलेला एक रिक्षावाला बाजूला उभा होता, त्यालाही हसू आलं. मीही हसले. मग तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि मला तुमचा राग आला. इतक्या वर्षांनी, भर दुपारी, गॅरेजमध्ये.

आधी घरचं सांगते, कारण तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. तुमचे जावई गेले. मागच्या वर्षी, पावसाळा सरता सरता. आजार आधीपासून माहीत होता, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पण माहीत असणं वेगळं आणि सकाळी एकच कप चहा ठेवणं वेगळं. लेक पुण्याला असते, बरी आहे. मी बदलापुरातच आहे, खरवईच्या बाजूला. तुमची भाताची खाचरं होती तिथून फार लांब नाही, फक्त आता तिथे उभं राहून खाचर कुठे होतं ते दाखवता येत नाही. गाडी म्हणतेय ती तुम्ही पाहिलेली नव्हे, तुमच्यानंतर घेतलेली. आणि ती मी चालवते. हे ऐकून तुम्ही आधी हसाल आणि मग गप्प व्हाल, कारण आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवलेल्या माणसाने आपल्या मुलीला कधी चालकाच्या जागेवर बसू दिलं नव्हतं.

मला तुमच्याकडून एकच हवं होतं. ह्यांच्याबद्दल तुम्ही जो शब्द वापरलात तो तुम्ही परत घ्यायला हवा होता. तो न घेता तुम्ही गेलात. आता हेही गेले. बोलणारा नाही आणि ज्याला बोललात तोही नाही, ऐकणारी तेवढी मी उरले. म्हणून हे लिहायला बसले.

सिंथेटिक हा शब्द तुम्ही उल्हासनगरहून घरी आणलात. शेतीवर भागेना तेव्हा तुम्ही कॅम्पातल्या सिंधी कापडवाल्या सेठकडे ड्रायव्हर म्हणून लागलात. सेठला कुठे जायचं नसेल तेव्हा तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून धंदा बघायचात. कापडाचं ठाण आलं की सेठ त्याच्या काठाचा एक दोरा ओढायचे आणि काडी लावायचे. सुताचा दोरा कागदासारखा जळतो, बोटांनी चुरडला की राख होते. सिंथेटिकचा दोरा जळत नाही, आकसतो, आणि टोकाला काळा टणक मणी राहतो. हा खेळ तुम्ही घरी आणलात. आईच्या पदराचे दोरे ओढून ओढून तुम्ही तिची एक चांगली साडी काठाशी विरळ करून टाकलीत. सेठ स्वतः सिंथेटिकची ठाणंच्या ठाणं विकायचे आणि अंगात मात्र मलमलचा कुडता. तुम्ही विचारलंत तर म्हणाले, "साईं, धंधा सिंथेटिक का, बदन कॉटन का." हे वाक्य तुम्ही घरी इतक्यांदा सांगितलंत की आईला पाठ झालं होतं. ती भाकऱ्या थापता थापता तुमच्या आधीच म्हणून टाकायची.

पण तुमच्या मनात तो शब्द खरा बसला तो चिंध्यांमुळे. दुकानात कापलेल्या कापडाचे तुकडे तुम्ही गाडी पुसायला आणायचात. सुती चिंधी तेल पिऊन घेते. सिंथेटिकची चिंधी पीत नाही, डाग इकडून तिकडे नुसता पसरवते. तुम्ही मला दोन्ही दाखवल्या होत्या, अंगणात, सेठच्या गाडीचं पुढचं झाकण उघडं, तुमचे हात कोपरापर्यंत काळे. "बघ," तुम्ही म्हणालात, "दिसायला दोन्ही सारख्या. पन एक तुझं घेते, एक घेत नाय." त्या दिवसापासून माणसांच्याही दोनच जाती झाल्या. वाकून नमस्कार करत मत मागायला येणारा सिंथेटिक. गोड बोलून पाटाच्या पाण्यावर भांडण लावणारा तुमचा चुलत भाऊ सिंथेटिक. आणि जो भांडेल, रडेल, तुमच्या दारात येऊन शिव्या देईल पण मयताला आधी पोहोचेल, तो "सुती मानूस हाय". तुमच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

हे मला बघायला आले तो दिवस उन्हाळ्यातला. त्यांच्या मामांबरोबर आले होते, बसने, मग स्टँडपासून आपल्या घरापर्यंत चालत. मी दाराच्या फटीतून बघते आहे. फिकट निळा शर्ट, बाहीवर इस्त्रीची घडी सुरीसारखी. मामांची पाठ घामाने ओली झालेली, ह्यांच्या शर्टावर एक सुरकुती नाही. तुम्ही पुढे होऊन खांद्यावर हात ठेवलात, या बसा म्हणालात, आणि हात काढून घेता घेता बाहीचं कापड दोन बोटांत चोळून पाहिलंत. तेल बघायचात तसं. मग स्वयंपाकघरात आलात. आई पोह्यांवर खोबरं पेरत होती, मी ट्रे घेऊन उभी होते, आणि मधे फक्त पडदा होता.

"पोरगा सिंथेटिक हाय," तुम्ही म्हणालात.

"हळू बोला, तो तिथंच बसलाय," आई म्हणाली.

"बसू दे. एवढ्या उन्हातून आला, एक चुनी नाय पडली. घाम पीत नाय ते कापड. उद्या आपली पोर रडली तर तो पुसनार नाय, नुसता पसरवील."

"मग नको म्हणून सांगा."

"नोकरी पक्की हाय. नको कसा म्हनू?" तुम्ही म्हणालात, माझ्या हातातल्या ट्रेकडे बघत, माझ्याकडे न बघता. "जा, पोहे ने. गार व्हतील."

मी पोहे नेले. ह्यांनी बशी घेतली, आईकडे बघून पोहे छान झालेत म्हणाले, आणि पाण्याचा दुसरा पेला मागितला. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी ऐकलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे संसारात कधी विचारताही आलं नाही. असा प्रश्न विचारायचा म्हणजे आधी तो शब्द उच्चारायचा.

लग्नात तुम्ही मला सेठच्या दुकानातून विटकरी रंगाची सुती साडी आणलीत. माझ्यासमोर तिचा दोरा ओढलात, काडी लावलीत आणि राख माझ्या तळहातावर ठेवलीत. "ही तुला पिऊन घेईल," म्हणालात. बाबा, ती साडी मी किती नेसले. नेसून नेसून मऊ झाली, मग घरात नेसायला ठेवली, मग तिची दुपटी झाली, आणि शेवटी जे उरलं त्याने ह्यांनी गाडीच्या काचा पुसल्या. वाया गेली नाही. पण विरली.

हे रसायनांच्या कंपनीत होते, लॅबमध्ये. तुम्हाला त्यांचं काम कधी नीट कळलं नाही. तुम्ही लोकांना "बाटल्या हलवतो" म्हणून सांगायचात. एखादा द्रव किती जाड, किती पातळ, किती तापमानाला कसा वाहतो, हे मोजणं त्यांच्या कामात होतं. घरी आले की शर्टाला आंबूस वास यायचा, पण घडी सकाळसारखीच. आवाज चढवला नाही, ताट सारलं नाही. आई गेली तेव्हा हे तुमच्या घरात तीन दगडांच्या चुलीवर आलेल्यांसाठी चहा करत होते, कोण कुठून येणार, कोणाला स्टेशनवर आणायला जायचं, सगळं बघत होते. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. मी जवळ आले तर मला म्हणालात, "डोळं बघ त्याचं. कोरडं." मी बघितलं. खरंच कोरडे होते. चहाच्या वाफेपुढे उभा असलेला माणूस, आणि डोळे कोरडे. मला तेव्हा तुमचं खरं वाटलं होतं का? वाटलं असेल. पण नंतर घरातली सगळी भांडी घासून पालथी घातलेली दिसली, आणि ती मी घासली नव्हती.

मग ती जुनी गाडी. दुसऱ्याने वापरलेली, लहानशी, पण आपल्या घरातली पहिली. अंबरनाथला शंकराच्या देवळाबाहेर पूजा होती. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ हातात घेतला, आणि तुम्ही म्हणालात, "थांबा. आधी बॉनेट उघडा, मग नारळ फोडा. आतलं न बघता देवाला काय दाखवता?" भटजीसुद्धा थांबले. तुम्ही काडी ओढलीत, तेल अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळलंत, वास घेतलात, तोंड वाकडं केलंत. "हे काय भरलंय? ताकावरचं पानी. पातळ तेल म्हंजे इंजिनाला उपास. जाड पायजे. पळीतून सोडलं तर धार तुटता कामा नाय." आणि ह्यांना नेमकं कोणतं ते सांगितलंत, सेठच्या गाडीत टाकायचात ते. हे ऐकत उभे होते, हातात नारळ. "बरं, बाबा," एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "मानसानं वाद घालावा. हा बरं म्हनतो. आत एक नि भायेर एक. मी सांगतो तुला, सिंथेटिक." त्यानंतर दोन उन्हाळे झाले नसतील, तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. तुमच्या तोंडून त्यांच्याबद्दल ऐकलेला शेवटचा शब्द तोच.

ह्यांना आजार कळला त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता तू शीक." मी म्हटलं, या वयात? तर म्हणाले, "वय गाडीचं बघतात." चिखलोलीकडे नव्या इमारती उठत होत्या, रुंद रस्ते तयार होते पण माणसं राहायला आली नव्हती. स्टेशन होणार, होणार म्हणतात ना, तिकडेच. मी चालवते आहे, हे डावीकडे बसले आहेत, समोरून रेतीचा ट्रक येतो आहे. गाडी बंद पडते, परत बंद पडते. मी त्यांच्यावर ओरडते. म्हणते, तुम्हाला नीट सांगता येत नाही. म्हणते, मला शिकवून तुम्ही मोकळे होणार आणि मग मी एकटी काय करू या डब्याचं. खरं तर मी गाडीबद्दल बोलत नव्हते आणि ते त्यांना कळत होतं. ते ट्रक जाऊ देतात. मग म्हणतात, "क्लच हळू. घाई कुणाला आहे." सगळे दिवस असंच. बाबा, त्या सीटवर बसून त्यांनी माझा सगळा राग, सगळी भीती ऐकून घेतली. कुठे पसरू दिली नाही. पुढे मीच त्यांना उल्हासनगरला तपासण्यांना नेऊ लागले. जाताना डोळे मिटून बसायचे. एकदा पुलावर चढताना, डोळे मिटलेलेच, म्हणाले, "आता छान सुटतो तुझा क्लच." त्या दिवशीचे रिपोर्ट चांगले नव्हते.

ते गेल्यावर गाडी खाली झाकून ठेवली होती. लेक फोनवर म्हणायची, "आई, विकून टाक ना ती. कॅब मिळते, रिक्षा आहेत. उगाच उभी राहून खराब होईल." मी "बघू" म्हणायचे. ती म्हणायची, "तुझं बघू म्हणजे नाही." अधूनमधून खाली जाऊन चालू करायचे. चालू होताना ती कण्हायची, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं तशी. हे कामावर जायचे तेव्हाही सकाळी हाच आवाज खालून यायचा. मी ओट्याशी उभी असायचे, आणि तो आवाज आला की गॅस बारीक करून खिडकीशी जायचे. पण आता ते कण्हणं वाढलं होतं. मला वाटलं, विकायची असो की ठेवायची, आजारी ठेवू नये.

म्हणून गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून वाचलं. तुम्हाला माहीत आहे, माझं वाचन कसं सुरू झालं. नववीत शाळा सुटली, पण तुम्ही दुकानातून आणलेल्या चिंध्या ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असायच्या ती मी तेलाच्या डागांसकट वाचायचे. त्यातूनच सवय लागली, पुढे वाचनालय लावलं, इंग्रजी शब्दकोश उशाला घेऊन शिकले. गाडीचं पुस्तक कथा-कादंबरीपेक्षा सोपं असतं, त्यात कोणी मनातलं लपवत नाही. त्यात तेलाचा जो नंबर लिहिला होता, तो आपण टाकत होतो त्याहून पातळ तेलाचा. सिंथेटिक हा शब्द मात्र त्या पानावर नव्हता, नाहीतर माझं हसं झालं नसतं. पातळ का, ते दुसरीकडे शोधून वाचलं. गाडी उभी राहिली की तेल सगळं खाली उतरून बसतं. चालू केल्यावर ते वर चढेपर्यंत आतले भाग कोरडे घासतात. म्हणजे गाडीची जास्त झीज होते ती धावताना होत नाही, बराच काळ उभी राहून परत उठताना होते. जाड तेलाला वर चढायला उशीर लागतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी अंबरनाथला गेले.

गॅरेजमधलं हसं तुम्हाला सांगितलं. त्यानंतर मेस्त्रीने मला समजवायला घेतलं. बोलका आहे तो. "ये देखो काकू, डब्यावर डब्ल्यू लिहिलंय, डब्ल्यू म्हणजे वेट. जितका आकडा कमी तितकं हलकं."

"वेट नाही, विंटर," मी म्हटलं. "थंडीत कसं वाहतं त्याचा आकडा तो."

त्याने डबा फिरवून बघितला. "बदलापूरला कुठला विंटर, काकू? इथे दोनच सीझन, उन्हाळा आणि लोडशेडिंग."

रिक्षावाला परत हसला. मग मेस्त्री हात पुसत म्हणाला, "तुम्ही वाचता तसं काकाही वाचायचे. त्यांना तर सगळं माहीत. मी दर वेळी सांगायचो, काका, आता तरी सिंथेटिक टाका, तुमच्या इंजिनला हे ट्वेंटी-फोर्टीचं जाड तेल जड होतंय. तर म्हणायचे, नको, आमच्या सासऱ्यांचं तेल आहे, तेच टाक."

मी स्टुलावरून उठले.

"मी विचारलं पण एकदा. म्हटलं, सासरे तेलाच्या कंपनीत होते का? म्हणाले, नाही रे, ड्रायव्हर होते. पण त्यांनी हाताने बघून सांगितलंय." मेस्त्रीने खांदे उडवले. "आमच्याकडे नावच पडलं, सासरेवालं तेल. काकांची गाडी आली की मी आतून तोच डबा काढायचो, विचारायचोच नाही."

बाबा, दुसरी गाडी. तुम्ही कधी न पाहिलेली. तुम्ही काडी न ओढलेली. द्रव मोजण्यात ज्याची सारी हयात गेली त्या माणसाला तुमचं तेल चुकीचं आहे हे काय कळलं नसेल? पहिल्याच दिवशी, हातात नारळ घेऊन उभे होते तेव्हाच कळलं असणार. तरी बरं म्हणाले. आणि तुम्ही तपासायला उरला नाहीत तेव्हाही ते "बरं" तसंच चालू राहिलं, दर वेळी, मला न सांगता. आत एक आणि बाहेर एक, असं म्हणाला होतात ना तुम्ही. आत बघायला मिळालं मला परवा. आतही "बरं"च होतं. पडद्याआडून त्या दिवशी त्यांनी ऐकलं होतं की नाही ते आता कळणार नाही. ऐकलं असेल तर ते "बरं" जास्तच मोठं.

"मग काय करू काकू," मेस्त्री म्हणाला, "सासरेवालं की सिंथेटिक?"

सोपं नव्हतं ते. जुनं तेल सोडायचं म्हणजे तुमची आज्ञा सोडायची, आणि तुमच्या आज्ञेपेक्षा ह्यांचं ती पाळणं सोडायचं, ते मला जास्त जड वाटलं. मेस्त्रीने वर घाबरवूनही ठेवलं. म्हणाला, इतकी वर्षं जाड तेलावर चालली आहे, सील जुने झालेत, पातळ तेल वाट शोधतं, थोडं झिरपेल कदाचित, खाली कागद टाकून बघत राहा. मी रिक्षावाल्याचा प्लग बसेपर्यंत विचार केला. मग मला वाटलं, हे असते तर काय म्हणाले असते? काही म्हणाले नसते. किल्ली पुढे सरकवली असती. गाडी माझी आहे.

"सिंथेटिक," मी म्हटलं. तो शब्द मी गॅरेजमध्ये मोठ्याने उच्चारला, बाबा, आणि पहिल्यांदाच तो उच्चारताना मला कोणाची लाज वाटली नाही.

त्याने खाली पत्र्याचं घमेलं सरकवून बोल्ट उघडला. तुमचं तेल काळं होऊन खाली आलं. धार बराच वेळ तुटली नाही. हात पुसायला त्याने कापड मागितलं, मी आठवणीने घरून आणलं होतं, ह्यांचा एक जुना शर्ट. पहिल्या भेटीतला नव्हे, पण त्याच जातीचा. मेस्त्रीने त्यावर बोट चोळलं आणि परत दिला. "हे चालत नाही काकू, पीत नाही. घरी न्या, चांगला आहे अजून." मी घडी घालून पिशवीत ठेवला. घडी लगेच बसली. नवं तेल मधासारखं पिवळं, नितळ. मी न राहवून डब्याच्या तोंडावरचं बोटावर घेतलं आणि तुमच्यासारखं चोळून पाहिलं. मला काही कळलं नाही. बोटावरून नुसतं घसरत होतं. शेवटी त्याने दरवाज्याच्या आतल्या कडेला एक लहानसा स्टिकर लावला, पुढचा तेलबदल कधी ते लिहायचा, आणि त्यावर पेनाने मराठीत लिहिलं, सिंथेटिक. आता मी दार उघडते तेव्हा दर वेळी ते दिसतं.

मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा तुम्ही तो शब्द परत घ्यावा एवढंच मागणार होते. आता मागत नाही. राहू द्या तो ह्यांना. चुकून का होईना, बरोबर दिला होतात. साडी विरली, शर्ट तसाच आहे. तुम्ही कापडावरून बोललात, आणि माणूस तेलातला निघाला.

लेकीला कळवलं आहे की गाडी विकणार नाही. ती म्हणाली, "बघू म्हणजे नाही, हे मी आधीच सांगितलं होतं." गाडीखाली रोज वर्तमानपत्र पसरते आहे, आजपर्यंत कोरडं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, गाडीच्या त्या पुस्तकात घडी करून ठेवीन.

एक मात्र सांगायचं राहिलं. नवं तेल घातल्यापासून गाडी सकाळी कण्हत नाही. किल्ली फिरवली की आवाज न करता उठते, चालू झाली हे कळतसुद्धा नाही. काल मला वाटलं झालीच नाही, म्हणून मी चालू गाडीत परत किल्ली फिरवली, आणि ती अशी करकरली की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून वाकून बघितलं. तुम्ही असतात तर हातातून किल्ली काढून घेतली असतीत. मला मात्र गाडीचा आवाज परत ऐकून फार बरं वाटलं. आज सकाळी मी परत तशीच किल्ली फिरवली. आज मला माहीत होतं की गाडी चालू आहे.